शेवटच्या गाडीनंतर, पहिल्या गाडीआधी

दादर टीटीला तुम्ही उतरता तेव्हा साल १९५१ आहे, महिना मे, आणि रात्रीचे दोन वाजून गेलेत. हवा अजून तापलेली. सिनेमाचा शेवटचा खेळ केव्हाच सुटलाय, इराण्याच्या दारावर फळ्या चढल्यात, आणि उकाड्याला कंटाळलेली माणसं फुटपाथवर खाटा टाकून झोपलीत. शेवटची ट्राम डेपोत गेली. डोक्यावर तारांचं जाळं तेवढं आहे, आणि पायाखाली काळ्या दगडाचे ठोकळे. दोन रुळांच्या मधे आणि दोन्ही कडांना ते इतके घट्ट बसवलेत की मधे बोटभर फट सापडत नाही.

रस्त्याच्या मधोमध गॅसबत्ती फुसफुसतेय. सात-आठ माणसं तिच्याभोवती कामाला लागलीत. एकाच्या हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळई आहे आणि तो रुळाची खाच साफ करत चाललाय. ट्रामचा रूळ आगगाडीच्या रुळासारखा रस्त्याच्या वर डोकं काढून बसत नाही. तो रस्त्यातच गाडलेला असतो आणि चाकाची कड त्याच्या खाचेतून धावते. त्या खाचेत दिवसभरात काय काय शिरतं ते आता बाहेर येतंय: व्हिक्टोरियाच्या घोड्यांची लीद, खडी, तिकिटांचे कपटे, पानाचा चोथा, एक तुटकी चप्पल. पंधरा दिवसांत पाऊस येईल, हे सगळं भिजून घट्ट होईल, आणि मग चाक खाचेतून वर चढायला वेळ लागणार नाही.

पुढे चार जण एका सांध्यावर बसलेत. डेपोच्या वहीत कुणा मोटरमनने लिहून ठेवलंय की इथे गाडी आपटते. पहारीने ठोकळे उचकटून बाजूला रचलेत. खालची खडी दबून ओली झालीय, म्हणून रुळाचं टोक किंचित खाली गेलंय. किंचित म्हणजे किती, ते तुम्हाला दिसत नाही. मुकादमाला दिसतं. तो साताऱ्याकडचा, डोक्याला मुंडासं. सरळ रस्त्यावर आडवा होतो, गाल दगडाला टेकवतो आणि एक डोळा मिटून रुळाच्या माथ्यावरून लांबवर बघतो.

"पाव्हणं, उजेडात उभं ऱ्हाऊ नका. सावली पडती."

तुम्ही बाजूला होता. खाली खडी ठासली जाते. तो पुन्हा आडवा होतो. "अजून अर्धं सूत उचला." पुन्हा खडी, पुन्हा ठोके. मग उठून हात झटकत तो तुम्हाला सांगतो, विचारलेलं नसताना: "अर्धं सूत बसला तर कुणालाच कळत न्हाई, मोटरमनला कळतं. एक सूत बसला तर गाडीतल्या म्हातारीला कळतं. दोन सूत बसला की पेपरात येतं."

ठोकळे परत जागेवर, फटीत वाळू, वरून गरम डांबर. घाई आहे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी परळ-लालबागच्या गिरणीवाल्यांना घेऊन पहिली ट्राम इथूनच सुटणार, आणि ती सुटेल तेव्हा इथे रात्री काही घडलं होतं याची खूणसुद्धा उरलेली नसेल. काम चांगलं झालं तर ते दिसत नाही, अशा जातीचं हे काम. म्हणूनच मला तुम्हाला अशाच वेळांना घेऊन जायचंय, शेवटच्या गाडीनंतरच्या आणि पहिल्या गाडीआधीच्या. या शहरात रस्त्यांचा आणि पुलांचा इतिहास उद्घाटनांच्या तारखांनी लिहिला जातो. मुंबई चालवली ती मधल्या रात्रींनी.

आता बरंच मागे. १८३५च्या आसपासचं साल. चिंचपोकळीच्या अलीकडे तुम्ही उभे आहात, दोन्ही बाजूंना वाड्या आणि खाचरं, आणि रस्त्याच्या कडेला बेसॉल्टचा एक बुटका दगड. त्यावर रोमन आकडा कोरलाय आणि खाली इंग्रजीत लिहिलंय की फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल. फोर्टापासून काळबादेवी, परळ, दादर करत शीव-माहीमकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंपनी सरकारने असे मैलाचे दगड पुरले. त्यांतले काही अजून फुटपाथमध्ये आहेत, रस्ता वर वर येत गेला म्हणून कंबरेपर्यंत गाडले गेलेले. काही महापालिकेने खणून पुन्हा उभे केलेत. दादर-परळ भागात चालताना कधी पायाजवळ बघा.

हा रस्ता बरा आहे, कारण गव्हर्नर परळला राहतो. त्याच्या बंगल्यात पुढे हाफकिनची संस्था येईल. पुढे शीवेचा बांध आणि त्यापलीकडे साष्टी. पुण्याला जायचं तर मात्र वेगळी वाट: होडीने पनवेल आणि तिथून बोरघाट. त्या घाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी सर जॉन माल्कमने खुला केला आणि मुंबई पहिल्यांदा चाकांनी देशाला जोडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य इथे संपतं. तुम्ही पुढच्या जूनमध्ये जाऊन उभे राहा. पहिल्या झोडपणीत मुरूम वाहून गेलाय, खडी उघडी पडलीय, बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी दोन खोल चाकोऱ्या पडल्यात. पाऊस सरला की बायका कडेला बसून दगड फोडायला लागतात, टोपल्यांनी खडी पसरली जाते, पाणी मारलं जातं, रूळ फिरतो. पुढच्या वर्षी पुन्हा. दगड फोडणाऱ्या त्या हातांसाठी कुठल्याच चौथऱ्यावर आकडा कोरलेला नाही.

९ मे १८७४. कुलाब्याहून पायधुणीकडे निघालेल्या ट्रामच्या बाकावर बसा. क्रॉफर्ड मार्केटवरून जाणारी ही एक वाट, दुसरी बोरीबंदर ते पायधुणी. भाडं तीन आणे. तिकीट नाही, पैसे हातात द्यायचे. लवकरच भाडं दोन आण्यांवर येईल आणि फुकटे वाढल्यामुळे त्याच वर्षी तिकिटंही येतील. पण तुम्ही बसलात त्या गाडीचं खरं यंत्र पुढे जुंपलंय आणि घामाने चमकतंय. कुलाबा कॉजवेवर स्टर्न्स आणि किट्रेज यांचं कार्यालय होतं. पुढे तिथेच इलेक्ट्रिक हाउस उभं राहिलं. त्यांच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. नऊशे घोडे म्हणजे रोजचा चारा, रोजचं पाणी, नाल ठोकायला नालबंद, लंगडणाऱ्या पायाला औषध. रस्त्यावर जेवढे घोडे दिसतात त्याच्या कितीतरी पट मागे विसावा घेत असतात, कारण मेच्या उन्हात एक जोडी दिवसभर ट्राम ओढू शकत नाही. तबेल्यातल्या माणसाने रात्री एका खुरातला खडा काढला नाही तर सकाळी एक गाडी कमी. १९०५ साली नव्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने हा सगळा कारभार घेतला आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. घोडे गेले, त्यांच्या जागी मोटारी, तारा आणि ते मघाचे सांधे आले. रात्रीचं काम तसंच राहिलं.

१९२८. गिरगाव, ठाकुरद्वारचा नाका, सकाळची वेळ. इथे जरा थांबू या. तुमच्यासमोर एकाच रस्त्यावर तीन युगं एकमेकांना ढकलताहेत. मधून ट्राम घणघणत जातेय, मोटरमन पायाने घंटा बडवतोय. तिच्या मागे कापसाच्या गाठी लादलेली हातगाडी, बाजूला व्हिक्टोरिया, आणि या सगळ्यांतून भोंगा वाजवत वाट काढणारी मोटार. मोटार निघून गेली की मागे बघा: धुळीचा लोट. ही धूळ म्हणजे रस्ताच आहे. जुन्या पद्धतीच्या रस्त्यात मोठी खडी, तिच्या फटीत बारीक खडी आणि तिला धरून ठेवणारी माती अशी घडण असायची. लोखंडी धाव ती दाबत, चुरत जायची, पण चुरा जागीच राहायचा. रबराचं वेगवान चाक तो चुरा मागे फेकतं. बांधणारी माती उडाली की मोठी खडी सुटी होते, आणि एका मोसमात रस्ता उखडतो. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि देशभर हेच झालं. ज्या लोकल बोर्डांकडे रस्ते होते त्यांच्या तिजोऱ्या बैलगाडीच्या काळातल्या.

यावर विचार करायला १९२७ साली हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद मुंबईच्याच एका बॅरिस्टरकडे दिलं: मुकुंद रामराव जयकर. पाठारे प्रभू घराण्यातले, कायद्यात आणि विधिमंडळात नावाजलेले, पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. या सगळ्या ओळखींमध्ये त्यांची रस्त्यांची ओळख मराठी माणूस पार विसरून गेलाय. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. १९२८च्या अहवालात समितीने स्वच्छ सांगितलं की रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेलाय आणि तो राष्ट्राचा प्रश्न मानला पाहिजे. पैसा कुठून आणायचा तेही सांगितलं. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. १ मार्च १९२९पासून गॅलनमागे दोन आणे रस्तानिधीत जमा होऊ लागले. जो रस्ता झिजवतो त्याच्याकडूनच, तो जेवढा झिजवतो त्या मानाने, आणि कुणाच्या मर्जीवर न ठेवता. समितीने इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभव मांडावा अशी कायमची सोय आणि रस्त्यांवर संशोधन करणारी संस्थाही मागितली होती. पहिल्या मागणीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, दुसरी पूर्ण व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं.

धुळीचा तो लोट अजून खाली बसलेला नाही. भिस्ती मशक घेऊन आलाय, तो पाणी शिंपडत पुढे सरकतो आणि कोपऱ्यावरचा दुकानदार त्याला म्हणतो, "मामा, इकडे जरा जास्त मारा." एवढीच देखभाल या नाक्याला आज मिळणार आहे.

पुढची काही वर्षं झरझर. डिसेंबर १९४३मध्ये नागपूरला देशभरातले मुख्य अभियंते जमतात आणि रस्त्यांची उतरंड ठरवतात: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. कोणता रस्ता कुणी सांभाळायचा हे त्यातून ठरू लागतं. १ एप्रिल १९४७पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्र उचलू लागतं, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला ट्राम, बस आणि वीज मुंबई महापालिकेच्या ताब्यात येते. 'बेस्ट' शहराची होते.

आणि आता ३१ मार्च १९६४, रात्रीचे दहा. बोरीबंदर.

ट्राम इतकी भरलीय की तुम्हाला पायरीवर एका पायाची जागा मिळालीय. कंडक्टर पुढे सरका म्हणत नाही, कारण पुढे काही उरलेलं नाही. ही शेवटची ट्राम आहे, बोरीबंदर ते दादर. दुतर्फा माणसं उभी आहेत, बायका गच्चीतून वाकल्यात, पोरं गाडीबरोबर धावताहेत. मोटरमन उभ्यानेच हँडल धरून आहे, ट्रामच्या मोटरमनला बसायला जागा नसतेच.

क्रॉफर्ड मार्केट मागे पडतं, महंमद अली रोड लागतो. १८९६च्या प्लेगने हादरलेल्या मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कोंदट वस्त्या चिरून जे रुंद रस्ते काढले त्यांतला हा एक. वर बघा, आकाश दिसतंय. या रस्त्यावरचा उड्डाणपूल यायला अजून अडतीस वर्षं आहेत. भायखळ्याचा पूल चढताना गाडी कण्हते. लालबागला गिरणीची पाळी चालू आहे, खिडक्यांतून पिवळा उजेड आणि मागांचा आवाज येतोय, आणि काही जण काम सोडून फाटकापर्यंत आलेत. परळ. याच बाजूच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले, आणि रस्ता पुढे जिथे जातो त्या दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं. म्हणून आज या रस्त्याला त्यांचंच नाव शोभतं.

तुमच्या शेजारी लोंबकळणारा माणूस कोकणातला, तोंडाने सारखा काहीतरी मोजतोय. "काय मोजता, काका?" "सांधे," तो म्हणतो. "तीस वर्षं याच रस्त्यावर खडी ठासली. एकेक सांधा ओळखीचा हाय." चिंचपोकळीपासून परळपर्यंत तो एकदाही चुकत नाही. चाक सांध्यावर येण्याच्या क्षणभर आधी त्याची मान हलते, मग ठोका ऐकू येतो. कुठे ठोका मोठा आला तर तो मान नापसंतीने हलवतो. तो ठोका उद्या दुरुस्त करायला कुणी येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी.

ट्रामने रस्ता अडतो, मोटारींना वाट मिळत नाही, बस कुठेही वळते, असं तेव्हा सगळे म्हणत होते आणि त्यात तथ्य होतं. माझं मत एवढंच, की ट्राम काढताना शहराने तिच्याबरोबर तिच्या देखभालीची शिस्तही मोडीत काढली. ट्रामच्या रुळाला धनी होता. कोणत्या सांध्याला कुणी जबाबदार हे डेपोच्या वहीत लिहिलेलं असायचं. डांबरी रस्ता मात्र सगळ्यांचा झाला. तो पाण्याच्या नळवाल्याने खणला, गटारवाल्याने खणला, टेलिफोनवाल्याने खणला, आणि मागून बुजवणारा प्रत्येक वेळी दुसराच होता. दगडी ठोकळे गेले, रूळ बरेच ठिकाणी डांबराखालीच राहिले. कितीतरी वर्षांनी फोर्टात खोदकाम करताना ते वर आले तेव्हा लोक मोबाइलने फोटो काढत होते.

दादरला गाडी थांबते. लोक उतरत नाहीत. शेवटी दिवे विझवावे लागतात.

३ ऑगस्ट २०१६, सकाळ. लालबागची एक चाळ. गणपतीला महिना राहिलाय, खाली मंडपाचे बांबू येऊन पडलेत. दर चतुर्थीला ही चाळ अर्धी रिकामी होऊन मुंबई-गोवा महामार्गाने खाली कोकणात जाते. त्या रस्त्याचा राष्ट्रीय क्रमांक पूर्वी सतरा होता, आता सहासष्ट आहे, पण इथे त्याला कुणी आकड्याने ओळखत नाही. हा घरचा रस्ता. आज टीव्हीपुढे अख्खा मजला जमलाय. रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसटी त्या वेळी पुलावर आल्या होत्या.

"रातचीच गाडी होती ना गो त्यांची?"

"फोन लागत नाय."

कोपऱ्यातली म्हातारी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

चाळीसच्या आसपास माणसं नदीने नेली. तो दगडी कमानींचा पूल १९२८चा होता, जयकरांच्या अहवालाच्याच सालचा. शेजारी नवा पूल होता, पण मुंबईकडे येणारी वाहतूक जुन्यावरून चालू होती. आणि मे महिन्यातच जुन्या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीला ठीक आहे असं ठरलं होतं. या शेवटच्या वाक्यापाशी मी कितीदा येऊन थांबलोय. दगडी पुलाचा धोका बहुधा पाण्याखाली असतो. पुराचं पाणी खांबाच्या बुडातली वाळू-दगड उकरून नेतं, वरची कमान मात्र जशीच्या तशी शाबूत दिसते. वरून बघून हे कळणार नाही. त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं, तळ मोजावा लागतो, गेल्या वर्षीच्या मापाशी ताडून बघावा लागतो. गाल जमिनीला टेकवणारा कुणीतरी लागतो. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७मध्ये खुला झाला. म्हणजे पैसा होता, इंजिनिअर होते, लोखंड-सिमेंट होतं, इच्छाही होती. सगळं पूल पडल्यावर हजर झालं.

वर्ष उलटतं न उलटतं तोच तुम्ही एलफिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर आहात. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळी साडेदहाच्या सुमारास. तुम्हाला इथे मी फार वेळ ठेवणार नाही. हा पूल पश्चिम रेल्वेचं एलफिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडतो. एकेकाळी त्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्या होत्या आणि गिरणी कामगार बहुतेक आसपासच्याच चाळीत राहायचा, पायी यायचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या संपल्या, त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती आल्या, आणि त्या इमारतींत काम करणारी माणसं कल्याण-विरारहून लोकलने येऊ लागली. जमिनीचा वापर पार बदलला, जिना तेवढाच राहिला. नव्या रुंद पुलाला मंजुरी मिळालेली होती, कागदावर. त्या सकाळी अचानक सर आली, माणसं भिजू नयेत म्हणून जिन्यावरच थांबली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली. तेवीस जण गेले. पुढे लष्कराच्या जवानांनी तिथे पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये तो लोकांसाठी उघडला.

इथे पूल तुटला नव्हता, एकही खिळा सैल झालेला नव्हता. कोणत्या जिन्यावरून किती माणसं जातात, गेल्या वर्षी किती जात होती, पाच वर्षांनी किती जातील, हे मोजत राहणं हासुद्धा डागडुजीचाच भाग आहे, आणि आपल्याकडे तो सगळ्यांत दुबळा आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी नवे पूल, नवे मार्ग, सागरी सेतू यांचे आकडे मोठ्या अक्षरांत येतात. मी खालच्या बारीक अक्षरांत देखभालीची ओळ शोधतो. तुम्हीही शोधत जा, आणि सापडली नाही तर आपल्या नगरसेवकाला विचारा. लालबागच्या उड्डाणपुलालाही सांधे आहेत. उन्हात पूल फुगतो, थंडीत आकसतो, ती हालचाल ते सांधे झेलतात. त्यांत खडी-माती अडकली की पूल हलायचा थांबतो आणि मग काँक्रीट तडकतं. ते सांधे साफ करायला रात्रीच माणसं लागतात, आणि त्यांची मजुरी कुठल्या तरी ओळीत लिहिलेली असावी लागते.

शेवटचा मुक्काम २०२५च्या अखेरीस. एलफिन्स्टनचा रस्त्याचा पूल, १९१३चा, सप्टेंबरात वाहतुकीला बंद झालाय. त्याच्या जागी नवा दुमजली पूल होणार, वरच्या मजल्यावरून वरळी-शिवडी जोडरस्ता जाणार आणि थेट अटल सेतूला मिळणार. दादर, परळ, प्रभादेवीच्या माणसांना तोवर वळसे. रात्रीचा दीड वाजलाय. शेवटची लोकल गेली. परळच्या बाजूला रुळांवर नारिंगी जाकिटातली पंधरा-वीस माणसं उभी आहेत आणि कुणीच रुळाला हात लावत नाहीये. ती ब्लॉकची वाट बघताहेत. कंट्रोलकडून निरोप येतो, वरच्या तारेतला पंचवीस हजार व्होल्टचा पुरवठा बंद होतो, मग लांब दांड्याने तार जमिनीला जोडली जाते. ती जोडल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही. हा नियम कुणाच्या तरी मरणातून शिकलेला असतो.

मग सगळं एकदम सुरू होतं. एक टोळी तारेवर, एक रुळावर. रुळाच्या पोटात न दिसणारी चीर शोधणारं यंत्र दोन माणसं ढकलत नेतात आणि तिसरा पडद्यावरची रेघ बघतो. पलीकडे एका सांध्याची फिशप्लेट बदलली जातेय. पान्यावर एक बाई आहे, तिशीची असेल, पदर कमरेला खोचून वर जाकीट चढवलेलं. ती पूर्ण वजन टाकून बोल्ट आवळते, हातोडीने टिचकी मारते, आवाज ऐकते, पुन्हा आवळते.

"दादा, किती झाले?" लांबून सुपरवायझर विचारतो तो तिच्या जोडीदाराला.

"तीन वाजून पस्तीस, साहेब. दोन बोल्ट बाकी."

"पावणेचारला ब्लॉक परत द्यायचाय. पहिली गाडी कारशेडमधून निघेल."

"साहेब, ह्या भोकातला बोल्ट नीट बसत नाय," ती मान वर न करता म्हणते. "पाच मिनिटं जास्त मागा. नाहीतर पहिली गाडी इथून हळू सोडायला सांगा. पण असाच ठेवून मी उठणार नाय."

सुपरवायझर घड्याळाकडे बघतो, मग वॉकीटॉकी तोंडाजवळ नेतो आणि पाच मिनिटं मागतो.